गिनीपिगचे अंथरूण

(2025च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या सांगण्यावरून लिहून दिले.)



माईकसमोर उभी राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. दरवर्षी ह्या दिवशी कोणी डॉक्टरीणबाई नाही तर वकीलबाई येतात, आपण त्यांचे ऐकतो, तिळगूळ घेतो आणि घरी जातो. यंदा चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, ह्या वेळी तुम्ही बोला, तुमच्या त्या गिनीपिगविषयी." मला वाटले थट्टा करताहेत. तर त्या म्हणाल्या, "आपल्या गल्लीत आता चार घरी तो प्राणी आला आहे. त्यांतल्या तीन घरांचा वास माझ्या खिडकीत येतो, तुमच्या घरचा येत नाही. तो का येत नाही, एवढेच सांगा."

तेव्हा एवढेच सांगायला मी उभी आहे. वास का येत नाही हे मला आज ठाऊक आहे. पण ते कळेपर्यंत एका मुक्या जीवाच्या पायाचे बोट गेले, आणि ते माझ्या चुकीने गेले. म्हणून हसण्यासारखा विषय असला तरी थोडे ऐकून घ्या.

ज्यांनी हा प्राणी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. गिनीपिग हे डुक्कर नव्हे. आणि उंदीर म्हणावा तर त्याला शेपूट नाही. सशाहून लहान, पूर्ण वाढला की किलोभर भरतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिकडे अँडीज पर्वताच्या अंगाला पेरू, बोलिव्हिया असे देश आहेत, तिथले लोक हजारो वर्षांपासून तो पाळत आले, आणि पाळत आले ते खाण्यासाठी. तिकडच्या खेड्यांतून तो स्वयंपाकघरातच जमिनीवर मोकळा फिरतो, असे माझ्या धाकटीने मला वाचून दाखविले. पेरू देशातून आलेला प्राणी आमच्याकडे पेरूच मिटक्या मारीत खातो ही मोठी गंमत आहे. त्याला पेरू, कोथिंबीर, ढोबळी मिरची असे काहीतरी रोज द्यावेच लागते. कारण आपल्या शरीरात जसे क जीवनसत्त्व तयार होत नाही तसे त्याच्याही शरीरात होत नाही. पुढच्या पायांना चार-चार बोटे, मागच्यांना तीन-तीन. तळव्यांना केस नाहीत, तान्ह्या बाळाच्या तळव्यांसारखे उघडे आणि गुलाबी. हे तळवे तेवढे लक्षात ठेवा.

आमच्याकडे दोन माद्या आहेत, शेव आणि जिलबी. एक पिवळी, एक तांबूस, म्हणून ही नावे. 2023च्या जूनमध्ये माझ्या बहिणीचा मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा हा संसार आमच्याकडे आला. धाकटी तेव्हा आठवीत होती. "आई, सगळे मी करीन," असे तिने सांगितले. कोणत्या मुलीने आईला असे सांगितले नाही? महिन्याभरात पिंजरा माझ्याकडे आला.

पहिले आठ दिवस वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा घातला. दोघी शिंकायला लागल्या. बारीक भुशाची धूळ त्यांच्या नाकात जाते. त्यातून चीड, देवदार अशा वासाच्या लाकडाचा भुसा असेल तर तो छातीला आणखी वाईट, हे मागाहून समजले. मग वर्तमानपत्र घातले. सकाळचा पेपर दुपारपर्यंत चिखल होई. मग माझ्या मनात आले, आपण सोलापूरच्या! आपल्या घरात टॉवेलला काय तोटा? चादर आणि टर्किश टॉवेल ह्यांवरच तर आपल्या गावाचे नाव झाले. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्यातून आमचे हे टॉवेलच्याच कारखान्यात आहेत, म्हणजे विणीत कुठे चूक राहिलेला सेकंडचा माल आमच्या कपाटात ढिगाने. जाड, मऊ, पाणी शोषणारा. ह्याहून चांगले अंथरूण कोणते, असे समजून मी टॉवेल घातला आणि मनातल्या मनात स्वतःचे कौतुकही करून घेतले.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती हे तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट कोरडा गेला. नळाला आमच्याकडे चार दिवसांआड पाणी. जाड टॉवेल धुवायचा म्हणजे पाणी किती लागते ते काय सांगू? म्हणून मी तो पाच दिवस, सहा दिवस चालवू लागले. वरून सुका वाटे. वाटे म्हणते, कारण मी वाकून हात लावून पाहत नव्हते.

राखीपौर्णिमेच्या सकाळी मी नारळीभाताला तांदूळ धूत होते, तेवढ्यात पिंजऱ्यातून किंकाळी आली. हा प्राणी एरवी शिट्टी मारतो, गुरगुरतो. पण ती किंकाळीच होती. जाऊन पाहते तो शेव मागचा पाय ओढते आहे आणि तिच्याबरोबर सगळा टॉवेल ओढला जातो आहे. टर्किश टॉवेलच्या अंगावर बारीक बारीक फासे असतात ना, त्यांतला एक नखात अडकून लांब ओढला गेला होता, त्याचा दोराच झाला होता, आणि त्या दोऱ्याचे बोटाभोवती तीन वेढे पडले होते. बोट जांभळे झाले होते. रात्रीच अडकले असावे. मी कात्रीने दोरा कापला, हळद लावली, आणि भगिनींनो, तिला पुन्हा त्याच टॉवेलवर ठेवून नारळीभात करायला गेले.

चार दिवसांनी बोट काळे पडले आणि दोन्ही मागच्या तळव्यांना सूज आली. एका बाईंनी, त्या आज इथे आहेत आणि त्यांनी प्रेमानेच दिल्या होत्या, घरात उरलेल्या आपल्या औषधाच्या कॅप्सूल आणून दिल्या. धाकटीने माझा हात धरला म्हणून बरे; कारण आपली पेनिसिलीनच्या जातीची औषधे ह्या प्राण्याच्या पोटात गेली तर तो दगावतो. आपली औषधे त्याला कधीही देऊ नका. तिला टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बोट काढून टाकले, आणि मग तिला उलटी धरून मला तळवे दाखविले. म्हणाल्या, "बोट दोऱ्याने गेले. पण ही सूज दोऱ्याची नाही, ओलीची आहे. रोज ओलसर कापडावर उभी राहते, कातडी नरम पडते, मग फाटते आणि आत पू होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जशा जखमा होतात ना, त्यांतलाच हा प्रकार."

मला काही बोलता येईना.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या सासूबाई 2021 साली खुब्याचे हाड मोडून पडल्या आणि चौदा महिने अंथरुणावर होत्या. चौदा महिन्यांत मी त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. हा माझा एक अभिमान आहे, आणि तो मी आजवर कोणाला बोलून दाखविला नव्हता. खाली रबरी कापड, त्यावर ओल पिणारी घडी, त्यावर अंगाला लागणारे मऊ कापड. सुरकुती नको, ओल नको. डोळ्यांनी ओल कळत नाही, म्हणून हाताची मागची बाजू कापडाला लावून पाहायची. रात्री दोनदा उठून मी पाहत असे. हे सगळे माझ्या हाताला ठाऊक होते. पण पिंजऱ्यातल्या जिवाला अंथरूण घालताना त्यातले एकही मला सुचले नाही.

घरी आले आणि ट्रंक उघडली. सासूबाईंच्या अंथरुणाची कापडे धुऊन, घडी करून मी त्यात ठेवली होती: दोन रबरी कापडे, सहा जुन्या मऊ चादरी आणि त्यांची एक गोधडी. चादरी बाहेर काढीत होते तेवढ्यात हे आले. "ते आईचे अंथरूण आहे," म्हणाले. मी म्हटले, "अहो, ट्रंकेत पडूनच आहे." ते म्हणाले, "आईचे अंथरूण उंदरांना घालणार?" आणि बाहेर निघून गेले. मी सगळे परत ठेवले. पण खोटे कशाला बोलू, एक चादर ठेवून घेतली, हिरव्या मोराची. दुसऱ्या दिवशी ती धुऊन दोरीवर टाकली आणि त्यांनी ती ओळखली. दोन दिवस घरात "पाणी दे" आणि "भाकरी वाढ" ह्यापलीकडे शब्द नव्हता.

तिसऱ्या दिवशी शेवेची पट्टी बदलायची होती आणि धाकटी शाळेत. एकटीने ते होत नाही; एकाने धरावे लागते. मी हाक मारली नाही, पण हे आपण होऊन आले आणि त्यांनी तिला धरले. पट्टी सोडली तेव्हा ते बराच वेळ त्या पायाकडे पाहत राहिले. मग उठले, कोपऱ्यात टाकलेला टॉवेल उचलला, उजेडात धरला आणि त्यावरून नख फिरविले. म्हणाले, "फासा उंच आहे. उंच म्हणून तर तो एवढे पाणी पितो. आणि उंच म्हणूनच अडकतो." मग म्हणाले, "पाणी पिणारे कापड खाली पाहिजे, पायाखाली नको. पायाखाली असे पाहिजे की जे स्वतः पीत नाही." एवढे बोलून त्यांनी टॉवेल केरात टाकला. चादरींचे काही बोलले नाहीत. संध्याकाळी जाता जाता एवढेच म्हणाले, "चादरी घे. गोधडी राहू दे."

तेव्हा आता कापडाचे सांगते. ह्यांनी जे सांगितले तेच सूत्र आहे. बाकी सगळे धुऊन-वाळवून मी शिकले.

वरच्या थराला फ्लीस. बाजारात पोलर ब्लँकेट म्हणून हलके, मऊ ब्लँकेट मिळते ना, प्रवासात पांघरायला घेतो ते, तेच. ते पॉलिएस्टरचे असते. स्वतः पाणी धरून ठेवीत नाही, खाली सोडून देते, म्हणून वरून सुके राहते. कापले तरी त्याचे दोरे निघत नाहीत, कडा शिवावी लागत नाही. म्हणजे बोटात अडकायला काही नाही. पण नवे आणून तसेच घालू नका, ही चूकही मी केलेली आहे. नव्या फ्लीसवर कारखान्यातला काही लेप असतो. त्यावर पाणी अळूच्या पानावरच्या थेंबासारखे उभे राहते, आणि प्राणी त्या डबक्यात बसतो. गरम पाण्यात, साध्या पावडरीने तीन-चार वेळा धुवा. मग खाली जुनी चादर घालून वर चमचाभर पाणी ओता. पाणी लगेच आत गेले आणि वरून बोट फिरविल्यावर कोरडे लागले, की कापड तयार झाले समजा. माझे पहिले चार धुण्यांनी तयार झाले, दुसरे सहा वेळा धुवावे लागले. कपडे मऊ आणि सुगंधी करण्याचे जे पाणी मिळते ते ह्या कापडाला लावायचे नाही. त्याने पुन्हा तो लेप बसतो आणि पाणी उभे राहते. वासही त्यांच्या नाकाला सोसत नाही.

मिंक ब्लँकेट नको. त्याच्या लांब लवेत गवत असे शिरते की उपटून निघत नाही. लोकरीचे विणलेले नको. नुसती सुती साडी वर घातली तर ती ओल धरून ठेवते, बाळाच्या ओल्या लंगोटासारखी. गोणपाट टोचते. आणि गोधडी, जी आपल्याला सर्वांत आधी सुचते, ती वरच्या थराला मुळीच नको. धावदोरा जुना झाला की तुटतो, त्याची टोके वर येतात, आणि माझ्या शेवेचे झाले तेच होते. शिवाय ट्रंकेतली गोधडी असेल तर डांबरगोळ्यांचा वास तिच्यात मुरलेला असतो. त्या गोळ्या विषारीच आहेत.

खालच्या थराला आपली सोलापुरी चादर, पण जुनी. नवीन चादरीचा रंग जातो, आणि ती पाणीही नीट पीत नाही. वीसदा धुतलेली चादर असेल तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. ज्यांच्याकडे चादर नसेल त्यांनी तोच टर्किश टॉवेल खाली घालावा. खाली तो गुणाचा आहे, वर फ्लीस असले की नख त्याला लागत नाही.

चादरीच्या खाली पाणी न झिरपणारे काही हवे. सासूबाईंचे रबरी कापड मी वापरले नाही, पुढे कोणा घरी म्हातारे माणूस पडले तर उपयोगी येईल म्हणून ठेवले. त्याऐवजी फ्लेक्सचा तुकडा घातला. फ्लेक्सला आपल्या गावात तोटा नाही. कोणाच्या वाढदिवसाचा होता ते सांगत नाही. चेहरा खाली करून घातला आहे.

माप सांगते, ज्यांना लिहून घ्यायचे त्यांनी घ्यावे. आमचा पिंजरा चार फूट लांब, दोन फूट रुंद आहे. दोघींना एवढी जागा हवीच. तळ प्लायवुडचा सपाट, जाळीचा तळ कधीही नको, त्यानेही तळवे फाटतात. सिंगल पोलर ब्लँकेट साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब असते. लांबीत तीन सारखे भाग केले की साठ बाय तीसचे तीन तुकडे होतात. पिंजऱ्याला चारी बाजूंनी आत खोचायला पुरतात. खोचणे महत्त्वाचे, नाही तर त्या कापडाखाली शिरून बसतात. कागदाचे चिमटे लावले तरी चालते. एका चादरीचे दोन भाग करून प्रत्येकाची दुहेरी घडी घातली की एक थर झाला. रुंदीला दीड इंच कमी पडते, लांबीला फूटभर उरते. ते उरलेले मी गवताच्या बाजूला दुमडते. कारण हा प्राणी खाता खाता तिथेच सगळे उरकतो, आणि ओल तिकडेच जास्त. गवताखाली आणखी एक ट्रे ठेवून त्यात वर्तमानपत्र घातले, तर निम्मे धुणे वाचते. पेपर तिथे रोज बदलता येतो.

कापड कुरतडताना दिसले तर मात्र ते काढून घ्यावे. पोटात गेले तर आतड्यात अडकते. आमच्या दोघी गवत भरपूर असले की कापडाला तोंड लावीत नाहीत.

निवडणे एका दिवसाचे काम, धुणे रोजचे. सकाळ-संध्याकाळ छोट्या ब्रशाने आणि केरभरणीने लेंड्या गोळा करायच्या. एक प्राणी दिवसाला शंभरावर टाकतो. दोघींच्या किती, ते मोजायला जाऊ नये. त्या कोरड्या असतात, पाच मिनिटांचे काम. मी गुलाबाच्या कुंडीत घालते, आणि गुलाबाचे काय झाले आहे ते येता-जाता तुम्ही पाहताच.

अंथरूण तिसऱ्या दिवशी बदलते. केव्हा बदलायचे हे नाकाने ठरवू नका. घरच्या वासाची घरच्या नाकाला सवय होते, म्हणून तर चिटणीसबाईंना सांगावे लागले. आणि आपले नाक असते पाच फुटांवर. त्यांचे नाक कापडावरच. शिळ्या मुताचा झणझणीत वास, म्हणजे तो अमोनिया, आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्यांनी तो दोन दिवस छातीत घेतलेला असतो. हाताची मागची बाजू फ्लीसवर दाबा. गार लागले की दिवस कोणताही असो, बदला.

धुण्याआधी झटकायचे, आणि कुठे झटकायचे हे आधी पाहायचे. पहिल्या उन्हाळ्यात मी गच्चीवर झटकले आणि सगळे केस, गवत शेजारच्या अक्कांच्या ओल्या कुरडयांवर! अक्कांनी मला जे तेलुगूत सांगितले ते मला शब्दशः कळले नाही, पण समजले. मी त्यांना दोन किलो गव्हाचा चीक नव्याने करून दिला. तेव्हापासून मी मोठ्या जुन्या पोत्यावर, वाऱ्याची दिशा पाहून झटकते. मग हातात रबरी हातमोजा घालून, तो जरा ओला करून, कापडावरून एकाच दिशेने हात ओढायचा; केस गोळा होऊन येतात. हे न करता थेट मशीनमध्ये टाकले तर गवत पाणी जाण्याच्या नळीत अडकते. मेकॅनिकने माझ्या मशीनमधून मूठभर गवत काढून दाखविले आणि विचारले, "मावशी, म्हैस आहे का घरात?" आता मशीनमध्ये टाकायचे असले तर जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधते. पण बहुतेक हातानेच धुते.

आधी गार पाण्यात भिजवायचे. त्यासाठी मी घरच्या कपड्यांचे शेवटचे विसळलेले पाणी ठेवते. त्यात लहान कपभर पांढरे व्हिनेगर, चायनीजच्या गाड्यावर असते तेच. ह्या प्राण्याच्या मुतात चुन्याचा अंश असतो. वाळले की पांढरा थर बसतो आणि साबणाने निघत नाही. व्हिनेगरने सुटतो, आणि वासही मरतो. पिंजऱ्याच्या तळालाही तेच लावून ठेवावे. आमच्याकडे हा थर फारच बसायचा. मी त्यांना लसूणघास घालीत असे, स्वस्त आणि हिरवागार मिळतो म्हणून. डॉक्टरांनी सांगितले की त्यात कॅल्शियम जास्त, वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज नको. साध्या वाळल्या गवतावर आणल्या तेव्हापासून थर निम्मा झाला. म्हणजे धुण्याची एक चूक खाण्यात होती. कडबा मात्र घालून पाहू नका, त्याची टोके टोचतात.

एक गोष्ट नीट ऐका. व्हिनेगर घातलेल्या बादलीत ब्लीच कधीही घालायचे नाही. विषारी वायू होतो. मुताच्या कापडावरही ब्लीच नको, त्याच कारणाने. फिनाईल पिंजऱ्याच्या जवळही नको.

अर्ध्या तासाने पिळून, गरम पाण्यात साध्या पावडरीने धुवायचे, आणि दोन पाण्यांतून फेस जाईपर्यंत काढायचे. साबण राहिला तर तळव्यांना खाज येते. एकूण चार बादल्या, त्यांतली एक जुन्या पाण्याची. 2023चा पाऊस गेला आणि 2024च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यात गेली, तेव्हाही मी ह्या चार बादल्यांत भागविले. जाड टॉवेलला सहा लागत. घरच्या कपड्यांत हे धुणे मिसळू नका. ह्या प्राण्यांना गजकर्ण झाले तर ते माणसालाही होते. धुतल्यावर हात साबणाने धुवा.

आपल्या उन्हात फ्लीस अर्ध्या तासात वाळते, चादरीला दुपार लागते. इस्त्री करायची नाही, फ्लीस वितळते. पावसाळ्यात, 2024चा पावसाळा चांगला झाला तेव्हा, दोन जोड पुरेनात. चादर तीन-तीन दिवस दमट. दमट कापड "चालेल" म्हणून घालण्याचा मोह होतो, मलाही झाला. शेवेचा पाय पाहिला आणि मी पंख्याखाली बसून चादर वाळविली. आता चार जोड आहेत.

उन्हाळ्याचे थोडक्यात. फ्लीस गरम असते आणि हा प्राणी थंड डोंगरातला; तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास होतो, आणि आपल्याकडे बेचाळीस. म्हणून पिंजऱ्याच्या अर्ध्या भागात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवते. दुपारी दोघी त्यावर पोट टेकून पसरतात. फरशीही रोज पुसायची, नाही तर ओल तिथेच साठते.

शेव दिवाळीपर्यंत बरी झाली. डाव्या मागच्या पायाला आता दोनच बोटे आहेत. चालताना किंचित कलते, पण पेरूची फोड दिसली की जिलबीच्या आधी पोहोचते. धाकटीने त्या दिवसांत मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मला बरे वाटले असते. आता रविवारी चादर पिळायला हे येतात. जाड कापड एकटीला पिळवत नाही. मोराची चादर ते स्वतः दोरीवर घालतात, मोर सरळ येईल अशी.

गोधडी ट्रंकेत आहे.

तिळगूळ घ्यायला याल तेव्हा तिथे टेबलावर मी तीन तुकडे ठेवले आहेत: एक टॉवेलचा, एक नव्या फ्लीसचा, एक धुतलेल्या फ्लीसचा. शेजारी पाण्याची वाटी आणि चमचा आहे. पाणी ओतून पाहा, टॉवेलवर नख फिरवून पाहा. यंदा वाण म्हणून फ्लीसच द्यावे असे माझ्या मनात होते, पण चिटणीसबाईंनी वाट्या आधीच आणल्या होत्या. राखी रंगाचा धुतलेला तुकडा मात्र कोणी नेऊ नका; तो आज रात्री पिंजऱ्यात घालायचा आहे.